शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य

१४ नोव्हेंबर

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घरच्या कुणीतरी रोज दोन ओळी लिहून ठेवा. काय खाल्लं, झोप लागली का, पोट कसं आहे. मी म्हणालो, तीस वर्षं प्रयोगांच्या नोंदी करतोय, मला शिकवू नका. चंद्रिकाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

तर ही नोंद. रुग्ण माझी बायको. वय अठ्ठावन्न, तळेगावच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली भूगोलाची बाई. आजार फुफ्फुसाचा कॅन्सर. सिगारेट सोडाच, तिला उदबत्तीचा धूरही सोसत नाही. सोसायटीच्या गेटवर एक सत्तरीचा इसम रोज उभा राहून बिड्या फुंकतो, तो ठणठणीत आहे. आणि मी चाकण रस्त्यावरच्या एका खाजगी संस्थेत वर्षानुवर्षं कशावर काम करतोय? फुफ्फुसाच्याच कॅन्सरच्या पेशींवर. देवाला विनोद करायचाच होता तर जरा बरा तरी करायचा.

तिच्या गाठीत एक विशिष्ट बदल सापडला, म्हणून सलाईनऐवजी रोज एक पांढरी गोळी. मॅडम म्हणाल्या, "चेहऱ्यावर पुरळ येईल, पोट बिघडेल. घाबरू नका. पुरळ आलं म्हणजे गोळी अंगात नीट पोचली असं समजायचं." असले ठोकताळे मला आवडत नाहीत. पण लिहून ठेवलं.

३० नोव्हेंबर

पुरळ आलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर, गळ्याखाली. लाल, पिकलेलं. चंद्रिका आरशात बघून म्हणाली, "दहावीत आल्या नाहीत त्या सगळ्या पुटकुळ्या आत्ता आल्या बघा." दुपारी मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडली. मला ऐकू आलं.

मंगल आमच्याकडे घरकामाला येते, बेडशाच्या वरच्या वाडीतून. आज पदरात गुंडाळून कसलातरी पाला घेऊन आली.

"ताई, ह्यो वाटून लावा तोंडाला. लय गुण येतोय. सासूनं मुद्दाम डोंगरातनं आणलाय."

मी विचारलं, "कशाचा पाला? कुणावर तपासलाय?"

"आता नाव कुटं ठावं हाय, भाऊ. आमच्यात समदी लावत्यात."

समदी लावत्यात हा पुरावा नव्हे, असं सांगून मी तो पाला कचऱ्याच्या डब्यात टाकला. मंगल मोरीकडे वळली. नंतर भांडी जरा जोरात आपटत होती. आपटू दे. ज्या गोष्टीची रुग्णावर चाचणी झालेली नाही, ती या घरात कुणाच्या अंगाला लागणार नाही आणि पोटातही जाणार नाही.

९ डिसेंबर

आज कित्येक महिन्यांनी प्रयोगशाळेतून हसत बाहेर पडलो.

लोकांना समजावून सांगायचा कंटाळा येतो. चंद्रिकाची धाकटी बहीण कौमुदी लोणावळ्याला राहते, शहाणी बाई आहे, पण 'न्यूक्लियर रिसेप्टर' म्हटलं की विचारते, "म्हणजे रेडिएशन का हो?" पेशीच्या केंद्रकात काही प्रथिनं कुलपासारखी असतात. नेमकी किल्ली लागली की कुलूप उघडतं आणि पेशी आपला धंदा बदलते. एवढंच. आमच्या रिसेप्टरची किल्ली म्हणजे एक जुनं, स्वस्त औषध आहे, दुसऱ्याच आजारावर वर्षानुवर्षं दिलं जाणारं.

ऋचाने आज मोजणी आणून दाखवली. ऋचा माझी विद्यार्थिनी, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत 'पण' काढायची खोड आहे. किल्ली लावलेल्या ताटल्यांत कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबली. मंदावली नव्हे, थांबली. मी सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलं. शेजारच्या, औषध न दिलेल्या ताटलीत त्या एकमेकींवर चढून बसल्या होत्या.

ऋचा म्हणाली, "पण सर, एकदाच झालंय." पुन्हा कर म्हटलं.

३० डिसेंबर

ताटल्यांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आणि आज चंद्रिकाचं स्कॅन. गाठ एक तृतीयांश कमी झाली. मॅडम खूश, कौमुदी खूश, चंद्रिकाने वाटेत गाडी थांबवायला लावून चिक्की घेतली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "तुम्हाला काय झालं? नापास झाल्यासारखे बसलाय."

एक तृतीयांश म्हणजे पास होण्यापुरते गुण. उरलेल्या दोन तृतीयांशाचं काय? मला पूर्ण हवं आहे. इतकी वर्षं या पेशींना खायला घातलं, सणावारी घर सोडून त्यांचं पाणी बदलायला गेलो. त्यातून माझ्याच घरी काही मिळणार नसेल तर ते कशासाठी?

२ जानेवारी

औषधाच्या दुकानात सहज मिळाली. पिवळी गोळी, म्हणजे आमची ती किल्ली.

चंद्रिकाने हातात घेऊन उलटीपालटी केली. "मॅडमना विचारलंत?"

"त्या डॉक्टर आहेत. रिसेप्टरवर काम मी करतो."

"म्हणजे नाही विचारलंत."

मी तिला ताटल्यांचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले. मग पाणी मागितलं आणि गोळी घेतली. म्हणाली, "पटलं म्हणून घेत नाहीये. तुमचा हा चेहरा मला बघवत नाही म्हणून घेतेय."

हे औषध हजारो लोकांनी आधी घेतलेलं आहे. मंगलच्या पाल्याशी याची तुलना होऊ शकत नाही. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच करत बसेन.

१८ जानेवारी

पुरळ ओसरतंय! हनुवटी जवळजवळ स्वच्छ. पोटही ताळ्यावर आलं, काल तिने दोन भाकऱ्या आणि झुणका मागून खाल्ला. पांढऱ्या गोळीने जो त्रास दिला तो पिवळीने निस्तरला. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आकडे हातात आल्याशिवाय बोलू नये.

२५ जानेवारी, रथसप्तमी

संक्रांतीपासून हळदीकुंकवाची बोलावणी येत होती आणि ती टाळत होती, असल्या तोंडाने कुठे जाऊ म्हणून. आज शेवटचा दिवस. तिने हिरवी काठपदराची साडी काढली आणि शेजारच्या चार घरी जाऊन आली. परत आली ती ओटीत प्लास्टिकचे डबे, गाळण्या आणि तिळगुळाच्या पुड्या घेऊन. "सगळ्या म्हणत होत्या, काय तजेला आलाय चेहऱ्यावर!"

मंगलसुद्धा म्हणाली, "ताई, तोंड कसं झ्याक निगालंय. भाऊंनी काय मंतर मारला जणू."

मी हसलो. तिच्या सासूचा पाला नव्हता, एवढं म्हणालो फक्त. खूप दिवसांनी मला बरं वाटतंय. चंद्रिका आतल्या खोलीत ते डबे कुणाकुणाला वाटायचे याचा हिशेब करतेय आणि गुणगुणतेय.

१० फेब्रुवारी

तपासणी. मॅडमनी चंद्रिकाचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिला. "पुरळ इतकं गेलं? गोळी रोज घेताय ना, चुकत नाही ना?"

"एकदाही नाही."

"दुसरं काही चालू आहे? काढा, आयुर्वेदिक, आणखी कुठली गोळी?"

चंद्रिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही. घरात असलं काही मी येऊच देत नाही." आणि पाल्याची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, सगळेच नातेवाईक तुमच्यासारखे असते तर आमचं काम सोपं झालं असतं.

परतताना चंद्रिका सोमाटणे येईपर्यंत फाईलमधले कागद लावत होती. मग म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"खोटं नाही. पुढच्या स्कॅनला गाठ नाहीशी झाली की मीच सांगणार आहे. तेव्हा त्यांनाही शिकायला मिळेल."

"मलाही त्यांच्यासमोर तोंड उघडता आलं असतं. तुम्ही नाही म्हणालात, मग मी काय बोलणार?" असं म्हणून तिने डोळे मिटले. बायकांना प्रत्येक गोष्टीत खरंखोटं करायचं असतं.

१९ फेब्रुवारी

शोधनिबंध तयार. आज ऋचाबरोबर बसून वाचला. शेवटाला आलो आणि तिने 'पण' काढलाच.

"सर, हाच रिसेप्टर यकृतात कितीतरी जास्त असतो ना? तिथे तो जागा झाला तर यकृत बाकीची औषधं भराभर मोडून टाकतं. पेशंट दुसरी गोळी घेत असेल तर…"

बी.एस्सी.च्या पोरांना पाठ असलेली गोष्ट मला सांगते. मी म्हणालो, "ते शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात टाकून दे. परीक्षकांना तेवढं पुरतं." तिने तिथेच टाईप केलं. 'ताटलीतील पेशींवरून काढलेले हे निष्कर्ष सजीव शरीराला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही; यकृतातील परिणाम स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे', अशा अर्थाचं. इंग्रजी जरा बोजड झालं होतं. मी दोन शब्द काढले, एक स्वल्पविराम घातला. आता वाक्य चांगलं झालंय.

उठताना विचारते, "घरी मॅडम कशा आहेत सर? त्यांची गोळीपण यकृतातूनच जाते ना?"

मी म्हणालो, उत्तम आहेत, पुरळसुद्धा गेलं. तिचा चेहरा पडला. माझ्या घरी चांगलं झालेलं हिला का खुपावं? माणसाचा स्वभाव, दुसरं काय.

८ मार्च

खोकला. चार दिवस झाले. एक्स्प्रेसवेची धूळ, शिवाय हवा बदलतेय. जिना चढताना थांबते. मी विचारलं तर म्हणते, "थांबत नाहीये, खिडकीतून बघतेय."

११ मार्च

ऋचाने मला न विचारता यकृताच्या पेशी मागवल्या. कुठल्यातरी मैत्रिणीकडून, पुण्यातून, बर्फाच्या डब्यात घालून बसने घेऊन आली. मी सगळ्यांसमोर झापलं. निबंध गेलाय, आता हे कशाला? ती मान खाली घालून म्हणाली, "माझ्या समाधानासाठी, सर." समाधान हवं तर देवळात जा म्हणावं.

२० मार्च

गाठ वाढली. पहिल्यापेक्षा मोठी झाली आणि दुसऱ्या फुफ्फुसात एक नवा ठिपका.

मॅडम म्हणाल्या, "गाठीला गोळीची सवय झाली. इतक्या लवकर होत नाही सहसा. पण होतं. आता केमो." चंद्रिकाने विचारलं, केस जातील का. 

पेशी हरामखोर असतात. मला विचारा.

२२ मार्च

विचार केला. ताटलीत परिणाम दिसला तो जास्त मात्रेत. म्हणजे आपली मात्रा कमी पडतेय. केमो सुरू होईपर्यंत हातात दिवस आहेत. आजपासून पिवळ्या गोळ्या दोन.

चंद्रिकाने दोन्ही घेतल्या. काही विचारलं नाही. हल्ली ती विचारत नाही.

३० मार्च

दुपारी ऋचा केबिनमध्ये आली आणि दार लावलं. यकृताच्या पेशींच्या ताटल्या. एकीला नुसती पांढरी गोळी दिली, दुसरीला आधी किल्ली लावून मग पांढरी गोळी. दुसऱ्या दिवशी गोळी किती शिल्लक राहिली ते मोजलं. पहिलीत बरीचशी होती. दुसरीत जवळजवळ काहीच नव्हती.

मी आलेख पाहत राहिलो. ती म्हणाली, "सर, तुम्ही घरी मॅडमना ते औषध देताय का?"

मी म्हणालो, "बाहेर जा."

ती गेली नाही. रडायला लागली. "पुरळ गेलं म्हणालात तेव्हाच मला वाटलं होतं. मी सरळ बोलायला हवं होतं. मला भीती वाटली तुमची."

म्हणजे गाठीला सवयबिवय काही झाली नव्हती. पांढरी गोळी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी चंद्रिकाच्या यकृताला शिकवलं, हे औषध आलं की फोडून फेकून दे. रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, पाण्याचा पेला पुढे करून. आमच्या ताटलीला यकृत नसतं. तीस वर्षं ताटल्या बघितल्या आणि बायकोला यकृत आहे हे विसरलो. विसरलो तरी कसा म्हणू? एक वाक्य लिहून, त्यात स्वल्पविराम घालून मोकळा झालो होतो.

१ एप्रिल

पिवळ्या गोळ्या संडासात टाकल्या. चंद्रिकाने विचारलं, "आज नाही का?"

"संपल्या."

"आणायच्या राहिल्या?"

"हो."

सोमवारी केमो सुरू. मॅडमना सांगायला हवं. सांगितलं तर त्या पांढरी गोळी पुन्हा देऊन बघतील, ती कदाचित अजून लागू पडेल. नाही सांगितलं तर चंद्रिकाच्या शिरांत नको ते विष जाईल, तेही माझ्यामुळे. इतकं साधं आहे. तरी फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. मॅडमचं ते हसणं आठवतं. सगळेच नातेवाईक तुमच्यासारखे असते तर.

मी भित्रा आहे. हे इथे लिहायला सोपं आहे.

४ एप्रिल

सांगितलं. आधी चंद्रिकाला.

ती गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रिसेप्टर, यकृत, ऋचाच्या ताटल्या. मध्ये एकदाही तिने थांबवलं नाही. संपल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हणजे रथसप्तमीला मी नटूनथटून फिरले, तेव्हा गोळी वाया जात होती."

"हो."

"आणि तुम्ही खूश होतात."

"मला वाटलं…"

"तुम्हाला काय वाटलं ते मला माहितीये. मला काय वाटतं ते तुम्ही विचारलंत कधी? तेव्हा मी म्हणाले होते, मॅडमना विचारलंत का. एकदाच म्हणाले, कारण दुसऱ्यांदा म्हणायची सोय तुमच्याकडे नसते." तिला खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणलं. तिने पेला माझ्या हातातून घेतला नाही. मी खाली ठेवला, मग तिने उचलला. "पेशींना विचारायची सवय नाही तुम्हाला. मी पेशी नव्हते हो."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मागा. माझ्याजवळ आत्ता द्यायला काही नाही."

मॅडमना तिनेच फोन केला. मी शेजारी उभा होतो. तिने म्हटलं, "माझ्या मिस्टरांनी एक गोळी दिली होती आणि मी घेतली." माझी चूक तिने दोघांची करून सांगितली. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

७ एप्रिल

केमो सुरू व्हायच्या आधीच थांबवली. पिवळीचा अंमल उतरेपर्यंत थोडे दिवस थांबून मग पांढरी गोळी पुन्हा.  मॅडम सूचना सांगताना फक्त चंद्रिकाकडे आणि कौमुदीकडे पाहत होत्या. मी त्यांच्या खोलीतल्या वजनकाट्याशेजारी उभा होतो.

"आता लागू पडेल ना?" मी विचारलं.

त्या चंद्रिकालाच म्हणाल्या, "बघू या. मधल्या काळात गाठ बदललीही असेल. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

२ मे

सकाळी उठल्यावर आधी तिचं तोंड बघतो. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर. ज्या पुरळाला शिव्या घातल्या त्याची वाट बघतोय. चेहरा स्वच्छ आहे. काल गालावर एक फोड दिसला, मी चष्मा लावून जवळ गेलो तर डास चावलेला. तिने माझा हात बाजूला केला.

शोधनिबंध स्वीकारला गेला. परीक्षकांनी लिहिलंय, लेखकांनी कामाच्या मर्यादा प्रामाणिकपणे मांडल्या आहेत हे विशेष उल्लेखनीय. ऋचाने पत्र पाठवलं, खाली स्वतःचं काहीच लिहिलं नाही. मी तिला फोन करून सांगितलं, पहिलं नाव तुझं, माझं काढून टाक. ती म्हणाली, तसं करता येत नाही सर, काम तुमचं आहे. तिने टोमणा मारला की नाही ते कळलं नाही. बहुधा नसेल.

मंगल म्हणाली, "भाऊ, लय वाळला तुमी. ताईंस्नी बरं वाटंल, धीर धरा." तिला काहीच माहीत नाही. चंद्रिकाने तिला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.

२१ मे

आज स्कॅनचा निकाल होता.

बाहेर बाकावर आम्ही तिघं. नाव पुकारलं. चंद्रिका उठली, कौमुदी उठली, मी उठलो. चंद्रिका म्हणाली, "तुम्ही बसा." आवाज चढवला नाही. शाळेत मुलांना सांगायची तसं. मी बसलो.

बराच वेळ लागला. समोर एक माणूस आपल्या आईला केळं भरवत होता. दार उघडलं, दोघी आल्या. कौमुदीचे डोळे लाल होते. पण ती चांगल्या बातमीनेही रडते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. चंद्रिकाच्या हातात रिपोर्टचं पाकीट होतं, ते तिने पर्समध्ये ठेवून चेन लावली.

गाडी मी चालवत होतो, त्या मागे बसल्या. देहूरोडच्या पुलापाशी धीर करून विचारलं. "काय म्हणाल्या?"

 आरशात पाहिलं तर ती बाहेर बघत होती.

"चंद्रिका, काय आहे त्यात?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही."

मला वाटलं रागात आहे, तळेगाव येईपर्यंत सांगेल. तळेगावचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "वळू नका. लोणावळ्याला चला, मी कौमुदीकडे राहणार आहे." कामशेत गेलं, कार्ला गेलं. कौमुदी मध्येच म्हणाली, "ताई, सांग ना गं त्यांना, बघ कसे झालेत." चंद्रिका म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस."

कौमुदीच्या फाटकाशी मी बॅग काढून दिली. तिथे, उन्हात, पुन्हा विचारलं. हात जोडले, शेजारचे बघत होते तरी जोडले. मी म्हणालो, चांगलं असो वाईट असो, मला कळायला हवं, मी तुझा नवरा आहे.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवऱ्याला सांगितलं असतं हो. पण तुम्ही तो रिपोर्ट हातात घेतलात की निकाल म्हणून वाचाल. तुमचं चुकलं किती, सावरलं किती. तो तुमचा निकाल नाही. माझं आयुष्य आहे, किती का असेना."

आणि जिना चढायला लागली. चार पायऱ्या चढून थांबली. दम लागला म्हणून थांबली, की मी अजून उभा आहे का ते बघायला, हे मला सांगता येणार नाही. मी तसाच उभा होतो. मग कौमुदीने तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.